जिनिंगमधली दुपार

अर्चनानं स्कूटी थांबवली, किल्ली काढली, तोंडाचा स्कार्फ सोडला, तरी मी मागच्या सीटवर बसूनच राहिले.

"आई, उतर की. आलो आपण."

आलो होतो ते मला दिसत होतं. शेळगावच्या अलीकडं कालव्याच्या कडेची ती लांबच लांब काळ्या दगडांची भिंत. वरचे पत्रे नवे, निळे. दगडांच्या फटींत ताजं सिमेंट भरलेलं. पुढं लोखंडी शटर आणि त्यावर डाळिंब-पेरूचं चित्र रंगवलेली पाटी. पण भिंत तीच होती. माझं नाक आपोआप वर उचललं गेलं, वास घ्यायला.

मी वास घेणारी बाई आहे. पळसदेवला सून म्हणून गेल्यावर तिथं तीस वर्षं अंगणवाडी चालवली. खिचडी शिजताना मी दहा वेळा उठून चुलीशी जायची. पोरं गाणं म्हणत असायची आणि मी मधेच थांबून हवेत नाक फिरवायची. पोरंही मग माझ्यासारखीच माना वर करून हुंगायची आणि खदखदा हसायची. घरी इस्त्री तापत ठेवलेली असली तर मी त्या खोलीतून हलायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, सवय आहे. नवऱ्यालाही कधी याहून जास्त सांगितलं नाही.

माझी लेक अर्चना लग्न होऊन शेळगावातच आली, माझ्या माहेरच्या गावी. तिनं आणि तिच्या गटातल्या अकरा बायकांनी ही पडकी जिनिंग भाड्यानं घेतली. शेतातून आलेली डाळिंबं, पेरू निवडायचे, पुसायचे, फोमच्या जाळीत घालून खोक्यांत भरायचे, असं काम. जागा ठरली तेव्हा तिनं मला फोनवर उड्या मारतच सांगितलं होतं. "अगं, एवढी मोठी जागा कुणाला मिळती? भिंती बघ एकदा, तोफेनं पडायच्या न्हाईत!" पूजेला मी गेले नाही, गुडघा दुखतो म्हटलं. पहिली गाडी भरून गेली त्या दिवशी बोलावलं, तेव्हा पाहुणे येणार म्हटलं. पण या खेपेला तिनं वेगळंच सांगितलं. बायका आपली बारकी पोरं संगतीनं आणतात, ती दिवसभर आत असतात, त्यांच्याकडं बघायला कुणी नाही. "तू येशील का? तुझं तर आयुष्य त्यातच गेलं."

पोरं आत असतात, एवढंच मी ऐकलं. त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि सकाळी मी एसटीत बसले.

*

आमच्या लहानपणी या गिरणीला सगळे नुसतं जिनिंग म्हणायचे. कापसातली सरकी काढायची, रुई वेगळी करायची, तिच्या गाठी दाबायच्या. तेव्हा या मुलखात सगळीकडं ऊस नव्हता. दिवाळी सरली की कापसाच्या बैलगाड्यांची रांग कालव्याच्या रस्त्यानं लागायची ती पार पुलापर्यंत. गाडीवान गाडीखालीच निजायचे, तिथंच तीन दगडांवर पिठलं शिजवायचे. बैलांच्या रवंथाचा, शेणाचा, धुराचा असा एक उबदार वास सकाळच्या थंडीत रस्ताभर असायचा. आणि रस्त्याकडेच्या सगळ्या बाभळींना कापूस फुललेला! गाड्या जाताना काट्यांत अडकलेले ते पुंजके. आम्ही पोरी शाळेतून येताना ते गोळा करायचो आणि समईच्या वाती वळून आयांना द्यायचो.

माझी आई जिनिंगला कामाला जायची. सकाळी जाताना तिचे केस काळेभोर, संध्याकाळी येताना पांढरे. तीस वर्षांची बाई रोज दिवे लागायच्या वेळी म्हातारी होऊन घरी यायची. अंगणात उभी राहून ती पदर झटकायची, लुगडं झटकायची, आणि मग तिच्या आतून आईच पुन्हा बाहेर यायची. तरी भाकरीत एखादा तंतू निघायचाच. ती खोकायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत राहायची, की आता कापूसच बाहेर पडेल.

दुपारची भाकरी मी पोचवायची. शाळा सकाळची होती. फाटकातून पोरांना आत सोडत नसत. फाटकातलं लहान दार कुलूपबंद असायचं, आणि किल्ली मुकादमाच्या कमरेला. सुट्टी झाली की मुकादम बाहेरून दार उघडायचा, आणि एकेक बाई ओचे, पदर झाडून दाखवत बाहेर पडायची. कुणी कापूस नेऊ नये म्हणून. पण मागच्या भिंतीत गुडघाभर उंचीवर एक चौकोनी खिडकी होती. सरकी आतून त्या खिडकीतून घसरत बाहेरच्या ढिगावर पडायची. दुपारी सरकी थोडा वेळ थांबली की मी ढिगावरून रांगत आत शिरायची. खिडकीच्या लाकडाला सरकीच्या तेलाचा वास होता, जुन्या घोंगडीसारखा आणि थोडा गोड.

आत गेलं की पहिल्यांदा ऐकू येणं बंद व्हायचं. दोन ओळींत यंत्रं, लाकडी माच्यावर मांडलेली, आणि प्रत्येकामागं एक बाई हातानं कापूस भरतेय. धडधड कानांनी ऐकायची गोष्ट नव्हतीच. ती पायांतून चढायची आणि दातांत बसायची. हवेत रुईची लव उडत असायची. भिंतींना लव, तुळयांना लव, दिव्याच्या तारेला लवेच्या झालरी. उन्हाची तिरीप आली की सगळी हवा हलताना दिसायची. माच्याच्या फळ्यांमध्ये फटी होत्या, आणि खाली अंधारात चामड्याचा रुंद पट्टा पळत असायचा. कुठून येतोय नि कुठं जातोय कळायचं नाही. तो संपायचाच नाही. आई ओरडून सांगायची, "खाली बगायचं न्हाय!" मी बघायचीच, आणि रात्री त्या पट्ट्याची स्वप्नं पडायची.

त्या अंधारात एक माणूस राहायचा. म्हणजे मला तसं वाटायचं. गणपततात्या. यंत्रांना तेल द्यायचं काम त्यांचं. हातात लांब चोचीची तेलाची झारी घेऊन ते माच्याखाली सरपटत जायचे आणि भलत्याच ठिकाणी एखाद्या भोकातून डोकं वर काढायचे, घुबडासारखे डोळे मिचकावत. पहिल्यांदा मी किंचाळले होते. नंतर ओळख झाली. थंडीनं माझ्या टाचा फुटायच्या. तात्या भोकातनं हात बाहेर काढून माझा पाय धरायचे आणि झारीतून भेगांवर एरंडेलाचा एकेक थेंब सोडायचे.

"यंत्राला घालतो त्येच घालतोय गं. आता तूबी कुरकुरायची न्हाईस."

त्यांची लेक हिरा माझ्याच वर्गात होती. आम्ही एकाच बस्करावर बसायचो. तिच्या दप्तरालाही तात्यांच्या तेलाचा वास होता.

*

संक्रांतीच्या मागंपुढं कधीतरी मी पहिल्यांदा ओरडले.

खिडकीतून आत आले, आणि समोर उन्हाची एवढी मोठी तिरीप पडलेली, तांबूस, तिच्यात लव वर वर चढत होती. मला वाटलं जाळ. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "जाळ! जाळ लागला!" बायकांनी हातातला कापूस टाकला, कुणी माच्यावरून उडी मारली, पट्टा थांबवला. यंत्रं एकेक करत गप्प झाली आणि इतकी शांतता पसरली की माझाच आवाज भिंतींवरून परत आलेला मी ऐकला.

जाळ नव्हता. ऊन होतं.

मुकादम धावत आला. मी आत कशी आले ते त्यानं आईला विचारलं, सगळ्यांसमोर, नको त्या भाषेत. पुन्हा पोर आत दिसली तर तूही दिसायची नाहीस, म्हणाला. आईनं खाली मान घातली. तो गेल्यावर तिनं माझ्या कानाखाली वाजवली, आणि मग यंत्र चालू झाल्यावर माझ्याकडं पाठ करून कापूस भरत राहिली. तिची पाठ हलत होती. कामानं की रडण्यानं, ते मला कळलं नाही.

मी पुन्हा जायला नको होतं. पण आईला भाकरी तर लागायचीच, आणि कुलूप उघडायची वाट बघत फाटकाशी थांबायला मला त्या मुकादमाची भीती वाटायची. म्हणून मी खिडकीतूनच जात राहिले, आईच्या मागं कापसाच्या ढिगात दडून बसत राहिले, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही असं शिकले.

महिन्याभरानं, अशाच एका दुपारी, मला वास आला.

धुराचा नव्हे. आधी नुसता, इस्त्री जास्त वेळ टेकल्यावर कापडाला येतो तसा. मग आईच्या पायाजवळच्या फटीतून एक बारीक रेघ वर आली. उदबत्तीची असते तेवढीच. आई समोर बघत होती. तिला दिसली नाही. मी बघत होते. मला दिसली.

पुढचं तेव्हा गावात ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं ते असं. जाळ भिंतीवर चढला तेव्हाच आम्हाला कळलं. भिंतीवरची लव एकदम पेटली, आणि आग धावत गेली, पाण्याची लाट काठाकाठानं जावी तशी, एका भिंतीवरून दुसऱ्या, तिथून छताला. बायका फाटकाकडं पळाल्या. फाटक बाहेरून बंद. त्या दार बडवत होत्या, आणि आई मात्र उलटी पळाली. तिनं माझी मानगूट धरली, खिडकीशी नेलं आणि सरकीसारखं मला बाहेर लोटलं. "मुकादमाला हाळी मार! किल्ली!" मी ढिगावरून गडगडत खाली आले, भिंतीला वळसा घालून अनवाणी पळाले. मुकादम ऑफिसाच्या ओट्यावर जेवत बसला होता. मला बोलता येईना. मी त्याच्या कमरेची किल्लीच ओढली. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तसाच खरकट्या हातानं पळत सुटला.

बायका वाचल्या. काही खिडकीतून आल्या, बाकीच्या फाटकातून. केस होरपळलेले, हात भाजलेले, पण सगळ्या आल्या. आई शेवटून दुसरी.

गणपततात्या माच्याखाली होते. गड्यांनी भिंतीकडून फळ्या फोडून त्यांना काढलं तेव्हा ते जिवंत होते. पुण्याला नेलं. आठ दिवसांनी गावात बातमी आली. त्या दिवशी शाळेत हिराची जागा रिकामी होती, आणि तिची पाटी तशीच बस्कराखाली.

आग दिसायची बंद झाली तरी गेली नव्हती. कापसाच्या गाठी बाहेरून पांढऱ्या, जशाच्या तशा, आणि आत धुमसत. गडी कितीतरी दिवस त्या ओढून कालव्यात ढकलत होते. फोडली की आत लाल दिसायचं. रात्री वारा सुटला की तो वास आमच्या घरापर्यंत यायचा. मी गोधडी तोंडावर घ्यायची आणि गोधडीतही तोच वास यायचा.

*

जिनिंग पुन्हा चालू झाली नाही. कुणी तिथं कांदा साठवला, मग बरीच वर्षं कडबा. पुढं पत्रे गेले, तुळया गेल्या, आत बाभळी उगवल्या. अलीकडं लग्न ठरलेली पोरंपोरी फाटकाच्या उरलेल्या कमानीपुढं फोटो काढायला यायची म्हणे. मी माहेरी आले तर एसटीच्या दुसऱ्या बाजूला बसायची.

आता मात्र अर्चनाचा हात धरून मी आत पाऊल टाकलं.

काहीच ओळखू येत नव्हतं. चुन्यानं भिंती लख्ख झालेल्या. फरशी घातलेली. मध्ये लांब टेबलं, दोन्ही अंगाला बायका, डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या. डाळिंबं एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत जाताना टपटप होणारा आवाज. पेरूचा वास तर असा भरून राहिलेला, की माझ्या नाकाला दुसरं काही सापडेना. आग विझवायची लाल नळकांडी खांबांना लावलेली. कोपऱ्यात खोक्यांचे पुठ्ठे अंथरून त्यांवर चार पोरं निजलेली. एका पोरीच्या मुठीत फोमची पांढरी जाळी होती.

मी मागची भिंत शोधली. खिडकीच्या जागी आता काहीच नव्हतं. तिथं पांढऱ्या पत्र्याची खोली उभी होती, फळं गार ठेवायची, भिंतीला पार चिकटून. आणि छतापर्यंत पुठ्ठ्याचे गठ्ठे.

"हितनं बाहेर जायला वाट कुठं हाय?" मी विचारलं.

"हेच की, पुढचं शटर."

"दुसरी?"

"दुसरी कशाला?" असं म्हणत अर्चना मागं फिरली. "थांब, धूळ येतीय फळांवर." तिनं दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं.

तो आवाज झाला आणि उजेड पायांशी जाऊन विझला. खालच्या कडीत तिनं कुलूप अडकवलं. सवयीनं, काही न वाटता. आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

मी ओरडले. काय ओरडले मला माहीत नाही. शब्द होते की नव्हते तेही नाही. बायका जागच्या जागी थांबल्या. पोरं दचकून उठली आणि रडायला लागली. मी शटरापाशी जाऊन पत्रा बडवत होते आणि अर्चना माझे हात धरायचा प्रयत्न करत होती. "आई! आई, काय झालं? काही न्हाय झालं!" शेवटी तिनं घाईघाईनं कुलूप काढलं, शटर वर गेलं, आणि मी बाहेर येऊन कडुलिंबाखाली मातीत बसले. माझे दात वाजत होते. दुपारच्या टळटळीत उन्हात.

अर्चना समोर उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "सगळ्यांच्या म्होरं हे काय केलंस? नव्या बायका हायत. उद्या कामाला येतील का त्या?" आणि मग, माझ्याकडं नीट बघून, हळू आवाजात, "डॉक्टरकडं जायचं का?"

तेवढ्यात आतून एक बाई आली. डोक्यावरची टोपी काढत, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. केस पिकलेले, डोळ्यांना जाड चष्मा. तिनं तांब्या माझ्या हातात दिला, हात धरून ठेवला, कारण पाणी सांडत होतं.

"तू कौसल्याकाकूची लेक न्हवं? वळकलंस का?"

मी ओळखलं. चष्म्यामागं तात्यांचेच डोळे होते.

"हिरा," मी म्हटलं.

"व्हय. माझा बा हितं जळाला, आन् मी हितं डाळिंबं पुसतीय." ती माझ्याशेजारी बसली. "पयले आठ दिस मलाबी धाप लागायची. मग आर्चनाला म्हनलं, मला कडंला बसव."

मी तोंड न उघडता पन्नास वर्षं काढली होती. आणखी पाच मिनिटं काढली असती तर ती पाणी देऊन आत गेली असती. पण आत पोरं रडत होती, आणि मला एवढंच कळत होतं, की आता बोलले नाही तर उद्या ते शटर पुन्हा खाली येईल.

"हिरा, मला दिसला हुता धूर," मी म्हटलं. "जाळ व्हायच्या आदी. आईच्या पायाजवळ. मला एकटीला. आन् मी वरडले न्हाय."

अर्चना माझ्याकडं बघत राहिली. हिराचा हात माझ्या हातावरून निघाला नाही, पण हललाही नाही.

"का?"

"आदी एकदा उगं वरडले हुते. आईला लई बोललं मुकादम. मला वाटलं, आजबी ऊनच असंल. मी मनात म्हनलं, सतराचा पाढा पुरा करायचा, तवर धूर गेला न्हाय तर सांगायचं. पाढा झाला. धूर हुता. मी परत पयल्यापासनं धरला."

"म्हन," हिरा म्हणाली.

"काय?"

"पाढा. जसा म्हनला तसा म्हन. किती येळ लागतोय बगू दे मला."

मी अर्चनाकडं बघितलं. शटरात दोनचार बायका येऊन उभ्या होत्या. मी म्हणायला लागले. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एकावन्न. आवाज फुटत होता. हिरा डोळे मिटून ऐकत होती. दहापर्यंत गेले, थांबले, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदा पंच्याऐंशीला आले आणि पुढचं येईना. तिथंच भिंत पेटली होती.

कालव्याला पाणी सुटलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"तात्याला यंत्राच्या आवाजानं ऐकू कमी येयाचं," हिरा म्हणाली. "खाली गेलं की हाळीबी पोचायची न्हाय. तू वरडली असतीस तरी कोन त्येंला सांगाया खाली गेलं असतं? गेलं असतंबी. न्हायबी." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "दहा वर्साची हुतीस तू. पर वरडायला पायजे हुतं."

"व्हय," मी म्हटलं.

"आज वरडलीस ना. ते बरं केलंस." आणि मग अर्चनाकडं वळून, आवाज चढवून, मला आजवर माहीत नव्हता अशा आवाजात, "आर्चना, त्ये कुलूप दे हिकडं."

अर्चनानं ओढणीची गाठ सोडली. तिनं किल्ली आणि कुलूप दोन्ही हिराच्या हातात ठेवलं. हिरा उठली, कालव्याच्या काठाशी गेली आणि दोन्ही पाण्यात फेकून आली. नवं कोरं कुलूप होतं.

*

आठ दिवसांनी इंदापूरहून गवंडी आले. गार खोली पुढं सरकवली, पुठ्ठ्यांचे गठ्ठे बाहेर पत्र्याच्या छपराखाली नेले, आणि मागची भिंत फोडायला घेतली. भिंत हातभर जाडीची. घणाचे घाव दिवसभर चालले होते. मी लांब उभी होते. प्रत्येक घावाला माझे खांदे वर जात होते. दगड निघाले तसे कळलं, की चुन्याखाली त्यांचं आतलं तोंड अजून काजळीनं काळंच आहे. गवंड्यानं त्यावर बोट ओढलं, बोट काळं झालं, त्यानं ते विजारीला पुसलं आणि पुढचा दगड धरला.

भोक पडलं तेव्हा आधी वारा आला. मग उजेड, मग पलीकडची उसाची हिरवी पात. अर्चना आतून वाकून बाहेर आली, पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. असं तिनं चारपाच वेळा केलं. तिला पावलं मोजायची होती. मग तिनं सगळ्या बायकांना काम थांबवून एकामागं एक बाहेर काढलं, पोरं कडेवर घेऊन. बायका हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. मी हसले नाही. शेवटची बाई बाहेर येईपर्यंत मी श्वास धरून होते.

माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. या वयात ती कुठं जाणार? अजूनही दिवसातून चारदा मी हातातलं पोर खाली ठेवते आणि हवेत नाक फिरवते. पेरूचा वास येतो. मी बसते. पुन्हा उठते.

नवं दार झाल्यावर पहिल्या दिवशी मी पोरांना घेऊन आत आले तेव्हा सतरंजी कुठं टाकावी कळेना. जुन्या कोपऱ्यात टाकवत नव्हती. हिरा आपल्या जागेवर होती, नव्या दाराला लागून, पुढ्यात डाळिंबांची पाटी. तिनं माझ्याकडं बघितलं, उठली, पाटी सरकवली, स्टूल उचललं आणि चार पावलं आत जाऊन बसली.

"पोरं घिऊन हितं बस," मोकळ्या झालेल्या जागेकडं बोट करत ती म्हणाली. "दाराच्या आन् माझ्या मधी. काय झालं, तर तू आदी निघ. मी तुझ्या मागनं येती."